डॉट ३, डॉट ४ की ५.१? ब्रेक ऑइल निवडताना

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट आकडा (ऑइलची प्रतवारी) आहे तोच घाला, हे सरळ उत्तर. पण झाकणावर डॉट ३ असतं, दुकानात त्याच्या शेजारी डॉट ४ आणि ५.१ दिसतात, आणि मग हात अडखळतो.

हे तिन्ही ग्लायकॉलवर (पाणी शोषणाऱ्या रसायनावर) आधारलेले. फरक मुख्यतः उकळण्याच्या तापमानात. ताज्या ऑइलसाठी किमान मर्यादा अशा: डॉट ३ साठी २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३०, ५.१ साठी २६०. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. पाणी रबरी होजमधून आणि टाकीतून हळूहळू शिरतंच. लांब उतारावर कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापला की ते उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकवरचा पाय थेट तळाला टेकतो.

आकडे पुन्हा पाहा. ताजं डॉट ३ (२०५) हे मुरलेल्या ५.१ पेक्षा (१८०) वरचढ ठरतं. त्यामुळे महागडी बाटली घेऊन चार-पाच वर्षं विसरण्यापेक्षा साधं डॉट ४ वेळेवर बदलणं मला शहाणपणाचं वाटतं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण दोन वर्षांची मुदत दिलेली असते. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ सहसा चालतं. उलटं मात्र करू नका.

मग ५.१ कुणासाठी? कडाक्याच्या थंडीत गाडी चालवणाऱ्यासाठी. उणे ४० अंशाला त्याचा दाटपणा डॉट ४ च्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतच असावा लागतो, म्हणून एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक झडपांतून ते झटकन फिरतं. बाकीच्यांनी पुस्तिकेत सांगितलं असेल तरच घ्यावं.

डॉट ५ ची जातच वेगळी, सिलिकॉनची. नावामुळे ५.१ चं भावंड वाटतं, पण या दोघांची भेट एका टाकीत कधीच घडवू नका. डॉट ५ पाणी शोषत नाही, म्हणून शिरलेलं पाणी खालच्या भागात साचून गंज धरतं. बुडबुडे धरून ठेवतं, त्यामुळे एबीएसच्या गाडीला निषिद्ध. गाडीचा रंग खराब करत नाही, म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांचे शौकीन ते वापरतात, तेवढंच.

ऑइल बदलून हवा काढताना ब्लीडरला (चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला) लावलेल्या पारदर्शक नळीकडे नीट बघा. आधी चहासारखं काळपट येतं, मधूनच बुडबुडे फुटतात, मग स्वच्छ धार लागते. टाकी मात्र मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ग्लायकॉलचं ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

पातळी थोडी खाली गेली म्हणून लगेच टॉपअप करणाऱ्यांनी आधी पॅड बघावेत. पॅड झिजले की पातळी उतरतेच. वरून भरलं आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जादा ऑइल बाहेर येतं. पॅड जाड असूनही पातळी घसरत असेल तर गळती शोधा, बाटली नको.