उघडता येतो तोच पंप: लोखंडी उभ्या सायकल पंपाचं परीक्षण

नागपुरात इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा सीताबर्डीच्या सायकलवाल्याकडे पंप मागितला, की साधारण दोन प्रकार समोर येतात. एक लोखंडी नळीचा, लाकडी मुठीचा, पायाखाली दाबून धरायचा उभा पंप. दुसरा प्लास्टिकच्या पायाचा, रंगीत, वर हवेचा काटा बसवलेला. दुसरा हलका आणि देखणा असतो. घ्यावा मात्र पहिला, आणि तोही वरची टोपी आट्यांची आहे हे फिरवून बघूनच.

कारण साधं आहे. पंप बंद पडतो तो बहुतेक वेळा दट्ट्याच्या टोकाच्या वायसरमुळे. लोखंडी पंपात हा वायसर बहुतेकदा चामड्याचा, वाटीच्या आकाराचा असतो आणि सुटा मिळतो. बऱ्याच स्वस्त प्लास्टिक पंपांची टोपी दाबून किंवा चिकटवून बसवलेली असते. ती उघडायला गेलं की तुटते. त्यामुळे छोटीशी रिंग झिजली तरी अख्खा पंप भंगारात जातो.

वाटीचं काम समजून घेतलं की दुरुस्ती निम्मी झालीच. मूठ वर ओढताना वाटीची कड आत दबते आणि वरची हवा कडेवरून खाली उतरते. मूठ दाबली की खाली कोंडलेली हवा त्याच कडेला नळीच्या भिंतीवर पसरवते आणि वाट बंद होते. म्हणून वाटीचं तोंड नेहमी खाली, पायाच्या बाजूला हवं. उलटी बसवली तर दिवसभर पंप मारूनही टायरमध्ये हवा जायची नाही.

आता नागपूरचा उन्हाळा. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं, आणि 44-45 अंश तर दरवर्षीचेच. या कोरड्या झळांत गच्चीवर किंवा बाल्कनीत पडलेल्या पंपाचं चामडं सुकतं, आकसतं आणि कड नळीला टेकत नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: पाइपाचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि मूठ दाबा. धडधाकट पंपाची मूठ अर्ध्यात अडते आणि सोडली की वर उसळते. ती विनासायास तळाला गेली तर वायसर सुकला आहे किंवा हवा पाइपातून निसटते आहे. पाइप साबणाच्या पाण्यात बुडवून पुन्हा दाबा. बुडबुडे आले नाहीत तर दोष वायसरचा.

वरची टोपी डावीकडे फिरवून काढा आणि दांडा सरळ वर ओढा. टोकाला क्रमाने नट, लहान पत्री चकती, चामड्याची वाटी आणि तिच्या पाठीमागे मोठी चकती दिसेल. सुटं करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दोन चकत्यांची अदलाबदल झाली तर वाटी चुरगळते. चामडं नुसतं कडक झालं असेल, फाटलं नसेल, तर नवा वायसर लागत नाही. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बोटांनी कड हलकेच बाहेर पसरवा, सावलीत वाळू द्या आणि मग रात्रभर तेलात बुडवा.

तेल कोणतं, इथेच बहुतेकांचं चुकतं. विदर्भात जवसाचं तेल घरात सहज असतं, पण ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं. पंपात ते घालूच नये. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, आणि जानेवारीच्या सकाळी पारा 10-12 अंशांवर असतो तेव्हा दांडा अडकल्यासारखा चालतो. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ असल्याने लवकर ओसरतं, शिवाय खनिज तेल रबराला फुगवतं. सर्वांत चांगलं एरंडेल. दाट असतं, सुकत नाही, चामड्यालाही मानवतं आणि रबरालाही. नळीत मात्र चार-पाच थेंबांपेक्षा जास्त नको. जादा तेल हवेबरोबर व्हॉल्व्हपर्यंत जातं आणि तिथे धूळ धरून बसतं.

दांडा परत घालण्याआधी काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसा. पावसाळ्यात आत गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. गंजाचा खरखरीतपणा नवी वाटीही महिन्या-दोन महिन्यांत खाऊन टाकतो. वाटी तिरकी धरून एक बाजू आधी आत घाला आणि उरलेली कड अंगठ्याने दाबत, दांडा गोल फिरवत खाली सरकवा. कड दुमडली तर तिथूनच फाटते. पेचकस वापरायचाच असेल तर बोथट टोकाचा.

मापाचा वायसर मिळाला नाही तर चांभाराकडून 2-3 मिलिमीटर जाडीचं घट्ट, वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या. बुटाच्या वरच्या भागाचं मऊ क्रोम चामडं आकार धरत नाही. नळीचा आतला व्यास 32 मिलिमीटर आणि वाटीची उंची 8 असेल तर चकती 48 मिलिमीटरची कापा. ती भिजवून त्याच मापाच्या पाइपाच्या तुकड्यात नट-बोल्टने आत ओढा, एक दिवस तशीच सुकू द्या, कड समान कापा आणि एरंडेलात टाका.

दुसरा बिघाड तळाशी. ज्या पंपात हवा परत येऊ न देणारा छर्रा असतो, त्यात टायरमध्ये हवा भरताना प्रत्येक दाबानंतर मूठ आपोआप वर येऊ लागली की छर्रा नीट बसत नाही असं समजा. पाइपाचा नट ताटावर धरून खोला, म्हणजे छर्रा आणि स्प्रिंग घरंगळणार नाहीत. रॉकेलने पुसा. छर्ऱ्यावर गंजाचे खड्डे असतील तर सायकलच्या हबच्या छर्ऱ्यांतून तंतोतंत त्याच मापाचा निवडा.

या पंपाच्या उणिवाही आहेत. सोबत येणारा पाइप बहुतेकदा आखूड आणि हलक्या रबराचा असतो. तो सांध्यापाशी तडकतो. दोन सेंटिमीटर कापून क्लिपने पुन्हा आवळता येतो, पण दुसऱ्यांदा तडकला की जाळीदार पाइपच टाकावा. पाय पातळ पत्र्याचा असेल तर जोर दिल्यावर वाकतो, तिथे बिडाचा पाय बघून घ्या.

नळीच्या जाडीकडे कुणी लक्ष देत नाही, पण खरा फरक तिथे आहे. जाड नळी एका दाबात जास्त हवा देते, पण शेवटी तेवढंच जड जाते. टायरमध्ये 60 पीएसआय दाब असताना 32 मिलिमीटरच्या नळीवर सुमारे 34 किलोचा भार द्यावा लागतो, 38 मिलिमीटरच्या नळीवर 48 किलोचा. घरात शाळकरी मूल स्वतः हवा भरणार असेल तर बारीक नळीच बरी. फुटाळा तलावाच्या रस्त्यावर पहाटे फिरणाऱ्या बारीक टायरच्या सायकलीला 100 पीएसआय लागत असेल, तर 38 ची नळी 80 किलो मागते. दणकट माणूसही तिथे घामाघूम होतो.

काट्याच्या मोहात पडून प्लास्टिकचा पंप घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साध्या सायकलीच्या रबरी नळीवाल्या व्हॉल्व्हमधून हवा उलटी येत नाही, त्यामुळे काटा टायरमधला दाब दाखवतच नाही. तो दाखवतो पंपातला दाब, आणि तोही रबर उघडायला लागणाऱ्या जोरासकट, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त. मोटारीसारख्या व्हॉल्व्हवर आणि बारीक टायरच्या सायकलींना असतो त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर काटा कामाचा. तिथे वेगळा प्रेशर गेज घ्यावा आणि पंप लोखंडीच ठेवावा.

पैसे देण्याआधी दुकानातच अंगठ्याची चाचणी करा, टोपी खोलून वाटी चामड्याची आहे का बघा आणि त्याच मापाचे दोन वायसर सोबत घ्या. एक जुन्या डबीत एरंडेलात बुडवून ठेवा. होळीनंतर गरज पडेल तेव्हा तो थेट बसवता येतो.