पैसे दिले, घोडी आली नाही

२०२४ च्या दत्तजयंतीला सुरू झालेल्या सारंगखेड्याच्या यात्रेत मी एक घोडी पसंत केली, दोन लाख साठ हजारांना सौदा ठरवला आणि पुढच्या दीड महिन्यात त्यांपैकी एक लाख नव्वद हजार रुपये तीन हप्त्यांत देऊन टाकले. घोडी आजतागायत माझ्या दारात आलेली नाही. यात यात्रेचा काहीही दोष नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोड्यांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, आणि तिथली रीत मी पाळली असती तर माझाही व्यवहार चोख झाला असता. येत्या हंगामात ज्यांना घोडा घ्यायचा आहे, त्यांना माझी चूक नेमकी कुठे झाली हे कळावे म्हणून सगळे तपशिलाने लिहीत आहे.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. जनावरांतले मला जे थोडेफार कळते ते बैलांतले, घोड्यांतले नाही. मुलगी दोन वर्षे नाशिकला घोडेस्वारी शिकत होती आणि दहावी झाल्यावर तिला स्वतःची घोडी घेऊन द्यायची, असे आम्ही तिला कबूल केले होते. यात्रेच्या चौथ्या दिवशी मेहुण्याला बरोबर घेऊन मी सकाळपासून हिंडत होतो, तेव्हा दुपारच्या सुमारास ती घोडी दिसली. कुमेद म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर टिळा, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, आणि मारवाडी जातीला शोभावेत असे आत वळलेले, टोके एकमेकांना टेकणारे कान. तोंड उघडून दाखवले तेव्हा चार दात बदललेले होते, म्हणजे वय साडेतीन-चारच्या घरात. गळ्यावर भोवरा होता. त्याला देवमन म्हणतात आणि त्याने किंमत चढते, हे मला तिथेच कळले. मी तिचे सहा-सात फोटो काढले, एवढे एक काम माझ्या हातून नीट झाले.

घोडीजवळ उभ्या असलेल्या गृहस्थाने बोलणी सुरू केली. तो मालक आहे का, हे मी विचारले नाही. त्याने घोडीच्या तोंडाला हात घातला, पाय उचलून दाखवला, चालवून दाखवली आणि मी ते गृहीत धरले. भाव सांगताना त्याने माझ्या हातावर उपरणे टाकले आणि खालून बोटे धरली. बाजारातली ही जुनी पद्धत आहे, शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून ती पडली, आणि दोन्ही माणसे खरी असतील तर तिच्यात वावगे काही नाही. मात्र तिचा परिणाम असा होतो की ठरलेला आकडा दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नसतो. माझा मेहुणा अगदी खेटून उभा होता, तरी त्याच्या कानावर काही पडले नाही. पुढे पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न हाच आला, की सौदा कितीला ठरला हे ऐकणारे कोण आहे. भाव उपरण्याखाली ठरवायचा असेल तर खुशाल ठरवा, पण ठरल्यावर किंमत, जनावराच्या खुणा, दोघांची नावे आणि ताबा कधी मिळणार ती तारीख दोघांच्या तोंडून मोठ्याने वदवून फोनवर चित्रित करून ठेवा. खऱ्या विक्रेत्याला त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मी बाजार समितीच्या पावतीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, रांगेत दोन तास जातील. घोडी तुमच्या दारात उतरली की सगळे कागद तिथेच हातात देतो.” त्या वेळी मला हा त्याचा समजूतदारपणा वाटला. पावती करताना विकणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि जनावराचे वर्णन लिहिले जाते, आणि विकणारा म्हणून सही करायला तो मालक नव्हता, हे मला तीन महिन्यांनी उमगले. जो माणूस पावतीला टाळाटाळ करतो त्याच्याशी सौदा पुढे नेऊ नका. मग घोडी कितीही मनात भरलेली असो.

आमच्या घरी जनावर आणायला जाताना नवा कासरा बरोबर नेण्याची रीत आहे. विकणारा आपले दावे सोडून घेतो, घेणारा आपला कासरा बांधतो आणि मग पैसे मोजले जातात. वडिलांनी बैलांचे जेवढे सौदे केले, त्या सगळ्यांत हा क्रम कधी मोडला नाही. मीही कासरा पिशवीत घालून नेला होता आणि तो पिशवीतूनच परत आणला. कारण असे झाले की त्या गृहस्थाने सांगितले, त्याची गाडी आठ दिवसांनी सहा घोडे घेऊन धुळे-चांदवडमार्गे पुण्याकडे निघणार आहे, घोडी वाटेत माझ्याकडे उतरवता येईल आणि माझे गाडीभाडे वाचेल. आमच्याकडून गाडी करून न्यायची तर पंधरा-सोळा हजार लागणार होते. तेवढे पैसे वाचवण्यासाठी मी पसंत केलेली घोडी दुसऱ्याच्या हाती सोडून एक्कावन्न हजार रुपये इसार रोख दिला आणि बदल्यात एका वहीच्या पानावर त्याची सही घेतली. त्या पानावर तारीख आणि रक्कम आहे. घोडीचे वर्णन नाही, ताबा देण्याचा दिवस नाही आणि ताबा न दिल्यास इसार परत करण्याचा शब्दही नाही.

२४ डिसेंबरला संध्याकाळी त्याने एक व्हिडिओ पाठवला. एका गाडीच्या फळीवरून कुमेद घोडी चढवली जात होती. “गाडी भरली, डिझेलचे पैसे अडले आहेत, एक लाख टाका, सकाळी पोचतो,” असा निरोप होता. मी टाकले. सकाळी गाडी आली नाही. आधी टायर फुटला, मग चालक आजारी पडला, मग घोडीचे पोट दुखले म्हणून माघारी नेली. जानेवारीच्या मध्याला त्याने ग्लँडर्सचे नाव घेतले, आणि इथे मी पुन्हा फसलो, कारण हा रोग खरा आहे. घोडे, गाढवे आणि खेचरे यांना होणारा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. बाधित जनावरावर उपचार न करता कायद्याने त्याला मारावे लागते आणि परिसरातल्या घोड्यांच्या हालचालीवर निर्बंध येतात. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे आणि तिथे रक्ताचे नमुने तपासले जातात, हेही खरे आहे. त्यामुळे नमुने हिसारला गेले आहेत, अहवाल येईपर्यंत घोडी हलवता येत नाही, तपासणी आणि नवी गाडी मिळून एकोणचाळीस हजार लागतील, हे त्याचे म्हणणे मला पटले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी तेही पाठवले. त्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात एक फोन केला असता तर तिथे असे कोणतेही निर्बंध नाहीत, हे पाच मिनिटांत समजले असते. तो फोन मी पैसे गेल्यानंतर तीन आठवड्यांनी केला. रोगाचे कारण सांगून कुणी ताबा लांबवत असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा.

पहिली शंका माझ्या मुलीला आली. तिने यात्रेतला माझा फोटो आणि गाडीत चढणाऱ्या घोडीचा व्हिडिओ शेजारी-शेजारी ठेवले आणि व्हिडिओ थांबवून मागच्या डाव्या पायावर बोट ठेवले. फोटोत पांढरा रंग घोट्याशी संपत होता. व्हिडिओत तो नळीच्या निम्म्यापर्यंत चढलेला होता. केस वाढतात, धुळीने रंग मळकट दिसतो, पण पायाचा पांढरा पट्टा आठवड्याभरात वर चढत नाही. त्यानंतर मी त्याने पाठवलेली घोडीच्या पासपोर्टची, म्हणजे तिच्या ओळखीच्या कागदाची, प्रत पुन्हा काढली. नोंदणी केलेल्या घोड्याच्या मानेत मायक्रोचिप बसवलेली असते आणि तिचा क्रमांक पंधरा अंकी असतो. त्या प्रतीवरचा क्रमांक मी तीन वेळा मोजला; अंक चौदाच होते. मालकाच्या नावाची जागा फोटोच्या कडेला कापली गेली होती. यात्रेत पशुवैद्यक असतात. त्यांच्याकडे यंत्र असेल तर ते मानेवर धरले की क्रमांक उमटतो, आणि तो पासपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून पाहता येतो. पासपोर्टवर ज्याचे नाव, त्याच्याच खात्यात पैसे जाऊ द्या. माझे पैसे दोन वेगवेगळ्या खात्यांत गेले आणि दोन्ही नावे त्याची नव्हती.

मार्चमध्ये मी आणि मेहुणा त्याच्या गावी गेलो. घर होते, तो होता, तबेला मात्र नव्हता. मागच्या अंगणात दोन खुंट्या आणि एक कोरडी पडलेली दगडी डोण. तो पळून गेला नाही, हात जोडले, चहा दिला आणि एक लाखाचा धनादेश लिहून दिला. गावातल्याच एका माणसाने आम्हाला सांगितले की हा घोडे पाळत नाही, जत्रेत दलाली करतो, आणि ती घोडी ज्याची होती त्याच्या गावाचा पत्ताही दिला. आम्ही तसेच पुढे गेलो. तो मालक वृद्ध गृहस्थ होता. त्याने फोटो पाहताच घोडी ओळखली आणि सांगितले की यात्रेच्या पाचव्या दिवशी, म्हणजे मी इसार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याने ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली. माझ्या सौद्याची त्याला कल्पनाच नव्हती. मी घोडी पाहिली त्या दुपारी तो जेवायला गेला होता आणि दलालाला नुसते लक्ष ठेवायला सांगून गेला होता.

आता कायद्याचे, कारण या बाबतीत बहुतेकांचा वेळ वाया जातो. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की हा पैशांच्या देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे. विकणारा खरोखर मालक असेल आणि ठरल्यावर ताबा देत नसेल, तर हे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. अशा वेळी १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ५७ खाली नुकसानभरपाई मागता येते, आणि घोडा नेमका ठरलेला असल्यामुळे कलम ५८ खाली न्यायालय तोच घोडा देण्याचा आदेशही देऊ शकते. माझ्या बाबतीत घोडी त्याची नव्हती आणि ती विकण्याचा अधिकारही त्याला कुणी दिला नव्हता. म्हणजे पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा ठरतो. हा फरक माझ्या वकिलांनी लेखी तक्रारीत मांडला, मालकाचे म्हणणे जोडले, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. नुसते “घोडी दिली नाही” असे लिहू नका. पैसे घेताना कोणती गोष्ट खोटी सांगितली गेली, ते तारखेसह लिहा. फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवा, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. मी कळवले तेव्हा दोन्ही खाती रिकामी झाली होती.

धनादेशाच्या बाबतीतही माझ्या हातून एक चूक झाली. तो मार्चअखेर न वटता परत आला. बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते, आणि त्याच काळात तो रोज फोन करून “चार दिवस थांबा” म्हणत राहिला. मी थांबलो आणि मुदत गेली. धनादेश तीन महिने वैध असतो आणि तेवढ्या काळात पुन्हा भरता येतो, म्हणून वकिलांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा भरला. तो पुन्हा परत आला, नोटीस वेळेत गेली, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत आणि जुलैमध्ये धनादेश न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली खटला दाखल झाला. तो अजून चालू आहे. फसवणारा माणूस गोड बोलून मुदत घालवतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याचे फोन घ्या, पण नोटीस थांबवू नका.

माझ्या फाइलमध्ये आज सगळ्यांत भक्कम कागद त्या वृद्ध मालकाने दिलेला आहे. त्याचे काहीही नुकसान झाले नव्हते, तरी त्याने पोलिसांपुढे जबाब दिला आणि आपल्याकडची बाजार समितीची पावती काढून तिची प्रत मला दिली. त्या पावतीवर कारकुनाच्या अक्षरात लिहिले आहे: घोडी, कुमेद, कपाळी टिळा, मागील डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा. खाली विकणारा म्हणून त्याची सही आहे, आणि घेणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचे नाव आहे.