झोटेरो आणि व्याख्यानांचे संदर्भ : प्रबंधाच्या कामातील वापरानंतरचा अनुभव

सामाजिक इतिहासावरील प्रबंधासाठी गेले वर्षभर मी झोटेरो हे संदर्भ-व्यवस्थापनाचे मोफत सॉफ्टवेअर रोज वापरत आहे. पुस्तके आणि नियतकालिकांतील लेख यांच्या नोंदींसाठी ते उत्तम आहे, हे बहुतेक संशोधकांना ठाऊक आहे. माझ्या संदर्भसूचीत मात्र व्याख्याने, परिषदांत वाचलेले निबंध आणि स्लाइड्स यांचा भरणा मोठा असल्याने हा अभिप्राय त्यांच्यापुरताच आहे.

नवी नोंद करताना ‘प्रेझेंटेशन’ हा प्रकार निवडला की वक्ता, शीर्षक, सादरीकरणाचा प्रकार, तारीख, ठिकाण आणि सभेचे नाव असे रकाने समोर येतात. व्याख्यान ऐकतानाच काय टिपून ठेवायला हवे, हे त्या रकान्यांवरून समजते. मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) शैलीत प्रकाराच्या रकान्यातील मजकूर चौकोनी कंसात जसाच्या तसा उमटतो, त्यामुळे मराठी प्रबंधात ‘निबंधवाचन’ किंवा ‘बीजभाषण’ असे लिहिता येते. तीन दिवसांच्या परिषदेच्या सर्व तारखा एपीएला हव्या असतात. तारखेच्या साध्या रकान्यात अशी मुदत नीट बसत नाही, ती ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात वेगळी द्यावी लागते.

आपण नेमके काय वापरले, हा निर्णय मात्र संशोधकालाच घ्यावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचला आणि १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आपल्या हाती छापील पाठ असेल, तर नोंद नियतकालिकातील लेखाचीच करावी आणि वाचनाचा प्रसंग मजकुरात सांगावा. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची गोष्ट आणखी नाजूक आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण प्रत्यक्षात झालेच नाही; मंडळाने अधिवेशन रद्द केले आणि बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याची नोंद ‘प्रेझेंटेशन’ म्हणून करून ठिकाणापुढे लाहोर लिहिणे म्हणजे न झालेली सभा झाल्याचे सांगणे होय. ही पुस्तकाचीच नोंद आहे.

यूट्यूबवरील ध्वनिचित्रफितींबाबतही सावध राहावे. एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार चित्रफीत ज्याने चढवली त्याचे नाव लेखकाच्या जागी येते, मग वक्ता दुसराच का असेना. वक्त्याचे नाव आपण आपल्या वाक्यात घ्यायचे. हा नियम मला मनापासून पटत नाही, कारण विचार वक्त्याचा असतो. तरीही चित्रफीत शोधणाऱ्या वाचकाला तो सोयीचा आहे, हे मान्य करावे लागते. वर्गात ऐकलेले आणि कुठेही ध्वनिमुद्रित नसलेले व्याख्यान एपीए व्यक्तिगत संपर्क मानते आणि त्याचा उल्लेख सूचीत न करता केवळ मजकुरात करायला सांगते. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत) शैलीत मात्र तेच व्याख्यान वक्ता, शीर्षक, तारीख आणि स्थळ यांसह सूचीत येऊ शकते. म्हणून विभागाला कोणती शैली हवी आहे, हे आधी विचारून घ्यावे.

स्लाइड्स नोंदीलाच जोडून ठेवाव्यात, कारण परिषदांची संकेतस्थळे काही काळाने बंद होतात. झोटेरोवर मोफत साठवण ३०० एमबीच मिळते आणि छायाचित्रांनी भरलेल्या स्लाइड्स ती लवकर व्यापतात. त्यामुळे त्यांची आकाराने लहान पीडीएफ करून जोडणे सोयीचे पडते.