गिअरबॉक्स ठीक होता, लिव्हर उंच होता: काही महिन्यांच्या वापरानंतर

या मोटरसायकलचे सीसी, मायलेज, टॉप स्पीड यावर पुरेसं लिहिलं गेलंय, ते इथे नाही. इथे फक्त डाव्या पायाचा गिअर लिव्हर आणि त्याची उंची. एवढ्याशा गोष्टीवर एवढं लिहायचं कारण असं की याच उंचीपायी माझ्या खिशातून क्लच प्लेटचे पैसे जाणार होते.

तक्रार साधी होती. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना गिअर अधूनमधून बसायचाच नाही. लिव्हर वर उचलला, क्लच सोडला, की इंजिन मोकळंच ओरडायचं. ओव्हरटेक करताना असं झालं की समोरचा ट्रक आणि आपण यांच्यात काय उरतं ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आधी 'नवीन गाडी आहे, चालवून बसेल' असं होतं. मग त्यांनी चेनचा ताण आणि क्लच केबल बघितली, दोन्ही ठीक निघाले. शेवटी जॉबकार्डवर आलं: क्लच प्लेट बदला, तरी फरक नाही पडला तर गिअरबॉक्स उघडू. मी विचारलं, क्लच घसरतोय का? नाही. चढावर आरपीएम वाढतो पण गाडी ओढत नाही, असं होतंय का? तेही नाही. मग प्लेट कशासाठी? याचं उत्तर मिळालं नाही. मी सही केली नाही आणि गाडी घेऊन निघालो.

खरं तर धागा तिथेच सापडला होता. त्यांचा मेकॅनिक माझ्यासमोर गाडी फिरवून आला तेव्हा सगळे गिअर चोख पडले. गिअरबॉक्सच बिघडला असता तर तो माणूस बघून बिघडला नसता. बदलला होता तो फक्त पाय. त्याचा पंजा लांब, गुडघ्याची ठेवण वेगळी, पायात पातळ सपाट बूट.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये लिव्हरचा प्रत्येक खटका आतला ड्रम एक घर पुढे किंवा मागे फिरवतो. खटका पूर्ण व्हायला लागतो, आणि नंतर लिव्हर स्प्रिंगने मधल्या जागी परतायला लागतो, तरच पुढचा खटका धरतो. तो अर्धवट राहिला तर ड्रम दोन घरांच्या मधे अडकतो आणि गाडी खोट्या न्यूट्रलमध्ये जाते, म्हणजे एकही गिअर लागलेला नसतो. आता घोट्याकडे बघा. पाय काटकोनात धरला तर पंजा खाली साधारण ५० अंश जातो, पण वर जेमतेम २०. त्यातही माझ्या गाडीचे फुटरेस्ट मागे आणि उंच आहेत. गुडघा दुमडलेला, नडगी पुढे झुकलेली, म्हणजे त्या २० अंशांतले बरेचसे बसल्या बसल्याच खर्च झालेले असतात. लिव्हर मुळातच उंच असला की वरचा खटका संपायच्या आधी घोटा संपतो. यात क्लच प्लेटचा काय संबंध?

उलट बाजूलाही त्रास होताच. गिअर उतरवताना पंजा लिव्हरवर ठेवायला मला फुटरेस्टवरून अख्खा पाय उचलावा लागायचा. लांबच्या प्रवासानंतर नडगीच्या पुढचा स्नायू दुखायचा. पंजा वर उचलायचं काम तोच करतो. डाव्याच पायाला दुखायचं, उजव्याला कधीच नाही.

तुमच्या लिव्हरचं असंच आहे का, हे बघायला गाडी मेन स्टँडवर घ्या, नेहमीचे बूट घाला, नेहमीसारखे बसा आणि पायाचा मधला भाग फुटरेस्टवर टेकवा. पाय न सरकवता आणि न उचलता पंजा लिव्हरखाली सहज गेला पाहिजे. तसाच, केवळ घोटा फिरवून, लिव्हरच्या वरही आला पाहिजे. खाली जाताना अडतोय तर लिव्हर खाली आहे. वर यायला गुडघा उचलावा लागतोय तर उंच आहे.

आता दुरुस्ती. लिव्हर आणि इंजिनमधून आलेला शाफ्ट यांना जोडणारा जो बारीक रॉड असतो, त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट (सगळीकडे वळू शकणारा सांधा) आणि प्रत्येकी एक चेक नट (रॉड जागीच पक्का धरणारा नट) असतो. नट सैल करायचे, रॉड फिरवायचा, लिव्हर वर-खाली होतो, नट आवळायचे. एवढंच. लागतो तो १० नंबरचा पाना, आणि तो बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये असतोच. नवीन पार्ट लागत नाही. असं असताना गाडी हातात देताना कोणी लिव्हरचं नावही काढत नाही. आरसे लावून दाखवतात, हँडलचं कुलूप दाखवतात, सीट उघडून दाखवतात. ज्या लिव्हरला पाय दिवसभर लागतो त्याची उंची बदलता येते हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पण माझा खरा राग आहे त्यातल्या मागच्या नटावर. या रॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. त्यामुळेच रॉड नुसता फिरवला की दोन्ही टोकं एकाच वेळी जवळ येतात किंवा लांब जातात आणि काहीही सोडवावं लागत नाही. रचना सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की उलट्या आट्यांचा नट ओळखायला माझ्या रॉडवर काहीही खूण नाही. ना खाच, ना बाण, ना रंगाचा ठिपका. दोन्ही नट हुबेहूब सारखे. त्यात उलटा नट नेमका स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरआड, जिथे पाना जेमतेम थोडासा फिरतो. साहजिकच कोणीही नेहमीच्या बाजूला जोर लावणार, नट सैल होण्याऐवजी आवळत जाणार, आणि तो मऊ नट कोपरे झिजून गोल होणार. मग रॉड कापा, बॉल जॉइंट बदला. कारखान्यात त्या टोकाला एक खाच पाडायला काय लागतं? काही रॉडवर ती असतेही, म्हणून तर आणखी चीड येते.

ओळखायची युक्ती आहे. रॉड उभा आहे असं समजून आटे नीट बघा. समोर दिसणारे आटे डावीकडून उजवीकडे चढत असतील तर ते सरळ. उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे, आणि तो नट सैल करताना पाना नेहमीच्या विरुद्ध फिरवायचा. टॉर्च लावा, आटे पुसून घ्या, खात्री झाल्यावरच जोर द्या. कमी-जास्त होणारा पाना इथे वापरू नका, तो हमखास निसटतो. नट सोडताना रॉड दुसऱ्या पान्याने धरा, म्हणजे पीळ बॉल जॉइंटवर येत नाही. आणि एकदा ओळखलात की तुमच्याच हाताने त्या टोकाला पांढऱ्या रंगाची खूण करा. कंपनीने केली नाही तर नाही.

रॉड किती फिरवायचा? माझ्या रॉडचे आटे १ मिमीचे आहेत, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. एक पूर्ण फेरा दिला की दोन्ही टोकं मिळून लांबी २ मिमीने बदलते. लिव्हरच्या टोकाला तो फरक वाढून येतो, कारण पायाकडचा हात लांब आणि रॉडकडचा आखूड. माझ्याकडे एका फेऱ्याला साधारण ७ मिमी. म्हणजे पाव फेराही पायाला कळतो. रॉड लांब केल्यावर लिव्हर वर जाईल की खाली, हे गाडीगणिक वेगळं असतं, म्हणून आधी पाव फेरा देऊन बघा. एक गोष्ट मात्र सोडू नका: रॉड दोन्ही टोकांना बॉल जॉइंटच्या पुरेसा आत उरला पाहिजे, किमान त्याच्या जाडीइतका. ६ मिमीचा रॉड असेल तर ६ मिमी आत. आटे संपत आलेला रॉड चालत्या गाडीत निसटला तर गिअर जिथे आहे तिथेच राहतो.

मी लिव्हर खाली घेतला. पहिला परिणाम इतका चांगला होता की मला त्या जॉबकार्डचा नव्याने राग आला. तिसरा गिअर चोख बसायला लागला. न्यूट्रल सापडायला लागला, कारण पहिल्या-दुसऱ्याच्या मधला तो अर्धा खटका आता घोट्याच्या ताब्यात होता. नडगीचं दुखणं काही आठवड्यांत ओसरलं. याच टप्प्यावर लिहिलं असतं तर म्हटलं असतं, रॉड फिरवा आणि विषय संपवा.

पण पुढच्या वापरात मत दोन ठिकाणी बदललं.

एक, बूट. मी उंची ठरवली होती रोजच्या बुटांवर. जाड टोकाचे रायडिंगचे बूट घातले की पंजा लिव्हरखाली शिरेना, पाय बाहेरच्या बाजूला वळवून आत घालावा लागायचा. टोकाची खुंटी वर-खाली होणारे लिव्हर मिळतात, त्यात बुटाप्रमाणे खुंटी फिरवता येते. चांगली वस्तू आहे, पण फुकट होणाऱ्या कामासाठी मी ती घेणार नाही. मी लिव्हर अर्धा फेरा वर घेतला. रोजच्या बुटांना ही उंची किंचित जास्त आहे, पण चालते. उंची लांबच्या प्रवासाच्या बुटांवर ठरवावी असं आता माझं स्पष्ट मत आहे, कारण घोटा थकतो तो तिथे.

दोन, शाफ्टवरचा छोटा हात. रॉड इंजिनकडे याच हाताला जोडलेला असतो, आणि हा दातेरी शाफ्टवर एका बोल्टने आवळलेला असतो. त्याला हात लावू नये असं मी आधी सगळ्यांना सांगत होतो. पण वरचा खटका आखूड आणि कडक, खालचा लांब आणि ढिला, हे रॉड फिरवून जाईना. नीट बघितलं तर रॉड आणि तो हात यांच्यात काटकोन नव्हताच, आणि हे कारखान्यातूनच तसं होतं. काटकोनापासून ३० अंश ढळला तर हाताची उपयोगी लांबी सुमारे आठव्या हिश्श्याने घटते, आणि खटक्याबरोबर एका दिशेला ती आणखी घटत जाते. तो हात एक दाता सरकवला, रॉड पुन्हा जुळवला, आणि दोन्ही बाजूंचे खटके सारखे झाले.

हे काम मात्र सावकाश करायचं. आधी शाफ्ट आणि हात यांवर जुळणारी रेघ मारा. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो, पूर्ण काढावा लागतो. एक दाता म्हणजे थोडं वाटतं, पण २४ दाते असतील तर एका दात्याला १५ अंश होतात. ज्या गाड्यांना रॉड नाही, लिव्हर थेट शाफ्टवर बसतो, तिथे १२ सेंटीमीटरच्या लिव्हरचं टोक एका दात्यात ३ सेंटीमीटर हलतं. तिथे मधलं काही मिळत नाही. टाच-पंजाच्या लिव्हरला तर पुढचं टोक खाली नेलं की टाचेकडचं वर येतं, दोन्ही बघून ठरवावं लागतं.

बोल्ट परत लावताना कंजुषीही नको आणि ताकदही नको. ६ मिमीच्या अशा बोल्टला आवळायला साधारण १० ते १२ न्यूटन मीटरचा पीळ पुरतो, नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. ढिला राहिला तर हात शाफ्टचे दाते खातो, आणि तो शाफ्ट बदलायचा तर इंजिनचं कव्हर उघडावं लागतं. वाचवलेले पैसे तिथे दामदुप्पट जातील.

सगळं आवळल्यावर मागचं चाक अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना, चाक हाताने फिरवत सगळे गिअर वर-खाली टाकून बघा. लिव्हर साइड स्टँडला, कव्हरला कुठे घासतोय का? प्रत्येक खटक्यानंतर मोकळेपणी मधे परततोय का? दोन्ही बॉल जॉइंट एका रेषेत असले तर रॉड दोन बोटांनी किंचित डुलतो. डुलत नसेल तर चेक नट आवळताना एक जॉइंट तिरका झालाय. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय) असेल तर त्याचा सेन्सर बहुधा याच रॉडवर असतो, वायर पिळली गेली नाही ना तेही बघा.

इतक्या महिन्यांनंतर एक उणीव उरली आहे. पुढच्या बॉल जॉइंटमध्ये बारीक खुळखुळ आली आहे. त्याला रबरी टोपी नाही, चाकाने उडवलेला चिखल थेट आत जातो. पुसून ग्रीस भरलं की काही काळ शांत राहतो. बदलावा लागला तर टोपीवालाच बघेन.

सर्व्हिसला गाडी देताना आता जॉबकार्डवर मी स्वतः लिहून घेतो: गिअर लिव्हरची उंची बदलू नये. दोन्ही चेक नटांवरून रॉडपर्यंत रंगाची सलग रेघ मारली आहे, गाडी परत घेताना आधी ती बघतो. मागच्या सर्व्हिसनंतर पुढची रेघ तुटलेली दिसली. तिथेच उभं राहून जुळवून घेतली, आणि त्यांच्याच माणसाला दाखवलं की मागचा नट उलटा फिरतो. त्याला ते माहीत नव्हतं.