रात्रीची गस्त की मोबाइलवरचा ग्रुप?

लागोपाठ दोन चोऱ्या झाल्या की वस्तीची बैठक भरते आणि बैठकीत दोन तट पडतात. एकाला रात्रीची गस्त हवी असते, दुसऱ्याला मोबाइलवरचा ग्रुप. आम्ही दोन्ही चालवून पाहिलंय. तुमच्याकडे हाच वाद रंगला असेल, तर माझं मत विचारात घ्या. पटलंच पाहिजे असं नाही.

ग्रुप उभा करणं सोपं. संध्याकाळी ठरलं की जेवणं आटपेपर्यंत निम्मी वस्ती आत. वयस्कर मंडळी, तान्ह्या मुलांच्या आया, रात्रपाळीवाले, ज्यांना गस्तीला येणं जमणारच नाही, तेही यात येतात. कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिले, कुणाचं फाटक उघडं आहे, असल्या निरोपांना ग्रुपसारखी सोय नाही. नेदरलँड्समध्ये तर हे ग्रुप इतके रुजलेत की रस्त्यांवर त्यांच्या पाट्या लागल्या आहेत. तिथला क्रम मला आवडतो: नजरेस पडलं की आधी पोलिसांना फोन, ग्रुपवर निरोप त्यानंतर.

आमच्याकडे हा क्रम कधी पाळलाच गेला नाही, आणि माझं मन ग्रुपवरून उडालं ते त्यामुळेच. रात्री उशिरा एक फोटो येतो. खिडकीतून काढलेला, अंधुक, पाठमोरा माणूस. खाली दोनच शब्द: 'हा कोण?' कुठली गल्ली, किती वाजता, काय करत होता, काही नाही. मग 'सावध राहा', 'कालपण हाच होता', जोडलेले हात. पोलिसांना फोन मात्र कुणीच केलेला नसतो. एवढ्या जणांनी वाचलंय म्हणजे कुणीतरी केलाच असेल, असं जो तो धरून चालतो. सकाळी कळतं की तो पत्ता शोधणारा पार्सलवाला होता. तोवर फोटो शेजारच्या वस्त्यांत पोचलेला असतो. फोटो पुढे ढकलणारे पुष्कळ, खुलासा पुढे पाठवणारा एकही नाही. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी जमावानं पाच निरपराध माणसं ठार मारली. आपला ग्रुप त्या थराला जाणार नाही, हे मीही मानतो. तरी असा पाठमोरा फोटो दिसला की माझ्या पोटात गोळा येतोच.

गस्तीतही कटकटी आहेत. सुरुवातीचा उत्साह लवकर ओसरतो, मग त्याच त्या माणसांवर भार पडतो. शिवाय एखादा हौशी काठी परजत येतोच. हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये २०१२ साली वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका सशस्त्र स्वयंसेवकानं ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घातली. पाठलागाची गरज नाही, असं पोलिसांच्या फोनवरून त्याला सांगितलं गेलं होतं. म्हणून आमचा नियम: काठी नको, पाठलाग नको, एकट्यानं फिरायचं नाही.

एवढं पथ्य पाळलं तर गस्त बरीच बरी, असं माझं मत झालंय. अनोळखी माणूस दिसला की 'कुणाकडे जायचंय?' असं सरळ विचारता येतं. त्याला घर दाखवलं की विषय तिथेच संपतो. बंद पडलेले दिवेही चालताना कळतात, घरात बसून नाही.

यानं चोऱ्या घटतात का? शेजारपहाऱ्याच्या योजनांवरच्या अभ्यासांचा २००८ साली एक मोठा आढावा निघाला. त्यात गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. मात्र नेमकं कशामुळे, हे त्यातूनही उलगडलं नाही. आमच्या वस्तीपुरतं मी इतकंच म्हणेन की गस्त सुरू झाल्यापासून रात्री उशिरा बाहेर पडायला बायकामाणसं कचरत नाहीत.

पाळीला माणसंच मिळत नसतील, तर ग्रुप करा, पण अ‍ॅडमिन खमका हवा. आमच्याकडेही ग्रुप अजून आहे. त्यावर माणसांचे फोटो टाकायला बंदी आहे आणि गस्तीच्या पाळ्या तिथेच लागतात.