पिएत्रासान्तात संगमरवराची मूर्ती घेणार असाल तर आधी हे वाचा

इटलीत पिसाचा झुकता मनोरा बघायला गेलात की रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर पिएत्रासान्ता लागतं. गाव जरूर बघा. पण तिथून एखादी मूर्ती आणायचं मनात असेल, तर माझ्या बाबांना कसं लुबाडलं गेलं ते आधी वाचा.

हे गाव १२५५ साली वसलं. मागच्या डोंगरांत संगमरवराच्या खाणी आहेत. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भागासाठी दगड काढायला मायकेलँजेलो १५१८ च्या सुमारास याच भागात राबला. तो दर्शनी भाग कधी झालाच नाही, पण दगड घडवणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. कोलंबियाचा शिल्पकार-चित्रकार फेर्नांदो बोतेरो इथे कामासाठी येऊन राहायचा. त्याचा ब्राँझचा गलेलठ्ठ योद्धा चौकात उभा आहे आणि मिझेरिकॉर्दिया चर्चमध्ये त्याने रंगवलेले स्वर्ग आणि नरक समोरासमोर आहेत. सान्त आगोस्तिनोच्या जुन्या मठात शिल्पकारांचे प्लास्टरचे नमुने जपून ठेवलेत. ते बघून बाबा अगदी भारावले होते. ठग नेमके अशाच भारावलेल्या माणसाला हेरतात.

चर्चच्या चौकात एक गृहस्थ भेटला. नीटनेटके कपडे, अदबशीर बोलणं. आजोबा खाणीत कामाला होते म्हणाला, बाबांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं, आईची पिशवी उचलून घेतली. "चुलतभावाचा कारखाना आहे, नुसता बघून तरी या," म्हणत स्वतःच्या गाडीतून गावाबाहेर, हमरस्त्यालगतच्या एका दुकानात घेऊन गेला. दारात संगमरवराचे मोठे ठोकळे रचलेले, आत पांढऱ्या धुळीने माखलेला एक माणूस पटाशी घेऊन बसलेला. माझ्या ताईला तेव्हा सातवा महिना होता, म्हणून बाबांना आई-बाळाची एक मूर्ती आवडली. वीतभर उंच, पांढरीशुभ्र, खांद्यावरून गेलेली राखाडी शीर. हाताने घडवलेली, हिच्यासारखी दुसरी नाही, असं शपथेवर सांगितलं. मूर्ती उलटी करून तळावर लिंबू पिळलं, बारीक फेस आला. "रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिक, असतं तर आला असता का?" असं वर विचारलं. किंमत ३८० युरो. कार्डाचं मशीन बिघडलेलं, म्हणून रोख. वर "विमानतळावर २२ टक्के कर परत मिळेल" असं सांगून शिक्का मारलेला एक कागद दिला.

त्याच संध्याकाळी पिसाला एका टपरीवर तीच मूर्ती दिसली, २५ युरोला. खांद्यावरची राखाडी शीरसुद्धा तीच, त्याच वळणाची. निसर्गातल्या दगडाच्या दोन तुकड्यांत शीर कधी एकसारखी येत नाही. बाबा त्या टपरीसमोर नुसते उभे राहिले. मला अजून त्याचा संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत पिएत्रासान्ता गाठलं आणि गावातल्या एका कार्यशाळेत मूर्ती दाखवली. तिथल्या वयस्कर कारागिराने तळ आणि खांदा दोन्ही चाचपून पाहिले. तळ गार, खांदा कोमट. मग मानेमागची साच्याची पुसट रेघ दाखवली आणि तापवलेली सुई आतल्या बाजूला टेकवली. ती आत रुतली, प्लास्टिक जळल्याचा वास आला. तळाला खऱ्या संगमरवराची चकती चिकटवलेली होती आणि लिंबाला फेस त्या चकतीचा आला होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल पडलं की बुडबुडे येणारच. म्हणून ही लिंबाची परीक्षा कुणी करून दाखवली तर भुलू नका. रेझिनमध्ये कालवलेली भुकटीही बऱ्याचदा संगमरवराचीच असते. त्या कारागिराने आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. उलट गावाचं नाव खराब होतं म्हणून तोच कळवळून बोलत होता. एवढी मूर्ती खरोखर हाताने घडवायची तर कित्येक दिवस लागतात, ती या भावात मिळूच शकत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

जाब विचारल्यावर दुकानदाराने हात वर केले. त्याने दिलेल्या त्या शिक्क्याच्या कागदावर 'शोभेची वस्तू' एवढंच लिहिलं होतं. दगडाचा उल्लेख नाही, दुकानाचा कर क्रमांक नाही. कर परत मिळवायचा तर पासपोर्टचा तपशील असलेला वेगळा अर्ज दुकानाने भरून द्यावा लागतो, साध्या कागदावर काहीच मिळत नाही. काराबिनिएरींच्या (इटलीतल्या पोलिसांच्या) ठाण्यात तक्रार दिली, त्यांनी ती शांतपणे लिहूनही घेतली. पैसे मात्र आलेले नाहीत.

तुम्ही जाल तेव्हा वस्तू कशाची आहे ते बिलावर लिहून मागा. देत नसतील तर तिथून निघा. तळ न चाचपता वरचा भाग गार लागतो का ते चाचपा, वजन बघा (दहा सेंटिमीटर बाजूचा संगमरवरी ठोकळा २.७ किलोच्या आसपास भरतो), सांध्याची रेघ शोधा. इटलीत २०२२ पासून कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड आहे, त्यामुळे मशीन बिघडल्याचं कारण ऐकून रोकड काढू नका. आणि चौकातून कुणी गाडीत बसवून न्यायला लागलं तर आई-बाबांना अजिबात जाऊ देऊ नका. पावती न देणाऱ्या दुकानाची तक्रार ग्वार्दिया दी फिनान्झाकडे (करचोरी आणि आर्थिक गुन्हे बघणाऱ्या पोलिसांकडे) ११७ क्रमांकावर करता येते. शक्यतो गाव सोडण्यापूर्वीच करा.