कन्सोलवर ऑनलाइन खेळ अडखळतोय: केबल, मेश, मोठा प्लॅन की राउटरची सेटिंग?

खेळ मध्येच थिजला, पात्र दोन पावलं मागे फेकलं गेलं, की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो जास्त वेगाच्या प्लॅनचा. माझ्या मते पैसे घालण्याची ती शेवटची जागा. प्रत्यक्ष खेळताना फार थोडी माहिती ये-जा करते. एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्ट किमान ३ एमबीपीएस डाउनलोड, ०.५ एमबीपीएस अपलोड आणि १५० मिलिसेकंदांच्या आतला पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) पुरेसा धरते. १०० एमबीपीएसवर अडखळणारा खेळ ३०० वरही बहुधा तसाच अडखळेल. मोठा प्लॅन उपयोगी पडतो तो शंभर जीबीचा गेम उतरवून घेताना.

तेव्हा आधी दुखणं ओळखा. घरात दुसरं कोणी नेट वापरत नसतानाही पिंग वर-खाली होत असेल, तर कन्सोल आणि राउटर यांच्यातला दुवा बहुधा कच्चा आहे. कोणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की लगेच लॅग येत असेल, तर राउटरपाशी रांग लागते आहे. आणि खेळ छान चालतो, पण ठरावीक मित्राच्या पार्टीत शिरता येत नाही किंवा त्याचा आवाज येत नाही, तर प्रश्न नॅटचा, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवणाऱ्या राउटरच्या व्यवस्थेचा. पहिल्या प्रकाराची खात्री फुकटात होते: कन्सोल उचलून राउटरशेजारी न्या, केबल लावा आणि एखादा सामना खेळून बघा. त्रास थांबला तर दोष घरातल्या वायफायचा, नेट पुरवणाऱ्या कंपनीचा नाही.

केबल की वायफाय

शक्य असेल तिथे केबलच, यात मला फारसा वाद दिसत नाही. प्रश्न वेगाचा नसून सातत्याचा आहे. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येतं. बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि मध्येच कोणाचा आवाज मिसळला तर तेच पुन्हा सांगावं लागतं. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. सरासरी पिंग ३० दिसत असला, तरी अधूनमधून तो १२० वर उडी मारत असेल तर खेळाचा विचका होतो. या उड्यांना जिटर म्हणतात. केबलवर राउटरपर्यंतचा उशीर एका मिलिसेकंदाच्याही आत राहतो आणि तिथेच राहतो.

केबल कुठली? कॅट ५ई पुरते. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिट वाहून नेते. ‘गेमिंग’ लिहिलेल्या महागड्या कॅट ८ केबलने पिंग कमी होत नाही. दाराखालून न्यायची असेल तर चपटी केबल सोयीची. निन्टेन्डो स्विचच्या २०१७ च्या मूळ डॉकला लॅन पोर्ट नाही, त्यासाठी यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्यावा लागतो. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलच्या आणि स्विच २ च्या डॉकमध्ये पोर्ट आहे.

केबल टाकताच येत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. पण नवा राउटर मागवण्याआधी कन्सोलला काय झेपतं ते पाहा. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याच्यापुढे नवा राउटर व्यर्थ. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस वायफाय ५ वर थांबतात, प्लेस्टेशन ५ ला वायफाय ६ जमतं.

५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंती याला जास्त अडवतात. यातले काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो आणि सामन्यात जोडणी तुटते. अधूनमधून अचानक तुटत असेल तर चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता ३६ ते ४८ पैकी एक निवडा. २.४ वरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११. आणि कन्सोलला चिकटून ठेवलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क थोडी लांब सरकवा; तिचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात जातो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

मेश, म्हणजे घरभर ठेवलेले एकाच वायफायचे अनेक डबे, याबद्दल सावध राहा. डबे एकमेकांशी केबलने जोडले तर उत्तम. वायफायनेच जोडले तर प्रत्येक टप्प्यावर उशीर वाढतो, सिग्नलचे दांडे मात्र पूर्ण दिसतात. वायफायचा सिग्नल पुढे ढकलणाऱ्या साध्या एक्सटेंडरच्या वाटेला खेळासाठी तरी जाऊ नका. विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर हा जुगार आहे: एका घरात झकास, दुसऱ्यात निरुपयोगी. परत करता येतील अशाच बोलीवर घ्या, आणि स्पाइक गार्डमध्ये न लावता थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.

मोठा प्लॅन की रांगेला शिस्त

अपलोड भरला की राउटर माहितीची पाकिटं साठवत बसतो आणि खेळाचं चिमुकलं पाकीट त्यांच्यामागे ताटकळतं. प्लॅन वाढवला तर रांग उशिरा लागते, पण लागते. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग छोटी ठेवणारी सोय असेल (केक किंवा एफक्यू-कोडेल या नावांनीही दिसतं), तर मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावा. थोडा वेग जातो, पिंग स्थिर होतो. हा सौदा मी कधीही करीन. ही सोय नसेल तर फोनचे फोटो-बॅकअप रात्रीवर ढकलूनही बराच फरक पडतो.

नॅट: यूपीएनपी, पोर्ट फॉरवर्डिंग की आणखी काही

नॅट किती मोकळा आहे हे, सगळ्यांत मोकळ्यापासून बंदिस्ताकडे, प्लेस्टेशन टाइप १, २, ३ असं सांगतो, एक्सबॉक्स ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट, तर निन्टेन्डो ए, बी, सी अशी अक्षरं. प्लेस्टेशनवर टाइप २ असेल तर ठीक चाललंय, टाइप १ च्या मागे धावू नका.

यूपीएनपी ही राउटरमधली सेटिंग चालू केली की कन्सोल हवा तो पोर्ट, म्हणजे राउटरमधून आत येण्याचं क्रमांकाचं दार, स्वतः उघडून घेतो. घरात दोन कन्सोल असतील तर हाच मार्ग सोपा. तोटा एवढाच की घरातलं कुठलंही उपकरण, अगदी स्वस्तातला कॅमेराही, तसंच दार उघडू शकतो. ते नको असेल तर हाताने पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे ठरावीक दार कन्सोलकडे वळवा: एक्सबॉक्ससाठी मुख्य म्हणजे यूडीपी प्रकारचा ३०७४, प्लेस्टेशनसाठी ३४७८ ते ३४८०. आधी राउटरमध्ये कन्सोलचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की सगळं पुन्हा करावं लागेल. एक पोर्ट एकाच कन्सोलकडे जातो, हेही ध्यानात असू द्या. स्विचसाठी निन्टेन्डो यूडीपीचे १ ते ६५५३५, म्हणजे सगळेच पोर्ट त्याच्याकडे वळवायला सांगते. मी तरी आधी यूपीएनपी वापरून पाहीन. कन्सोल डीएमझेडमध्ये टाकणं, म्हणजे त्याच्यासाठी सगळीच दारं उघडणं, चाचणीपुरतं ठीक.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर दोन शक्यता. एक, घरात दोन राउटर एकामागे एक बसलेत: कंपनीचा एक, तुमचा एक. नवा मेश संच घेतल्यावर हमखास हेच होतं. एकाला ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे नॅटचं काम एकच राउटर करेल. दोन, कंपनीच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, दार पुढे बंदच आहे. अशा वेळी कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागायचा, बहुधा जादा पैसे देऊन. एक्सबॉक्स असेल तर त्याआधी आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून पाहा, कदाचित तेवढ्यावर भागेल. व्हीपीएनने (माहिती दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने) नॅटचा प्रश्न सुटू शकतो, पण वाट लांबते, आणि फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटर जाऊन यायलाच सुमारे १० मिलिसेकंद लागतात. सार्वजनिक आयपी मिळाला असं कंपनीने कळवलं, की राउटर बंद-चालू करा आणि वॅनचा पत्ता खरंच बदललाय का ते पाहून मगच पोर्टना हात लावा.